निळ्या इरकलीतली ती

माझी एक मैत्रीण होती. ती अजून आमच्याच उपनगरात, अल्बनीतच राहते, तब्येतही ठणठणीत आहे, तरी "होती" असंच लिहिते. रोज सकाळी आम्ही दोघी एकाच बसने शहरात कामाला जायचो. शेजारच्या मोटारवेवर गाड्या खोळंबलेल्या असायच्या आणि आमची बस फक्त बससाठी राखलेल्या रस्त्यावरून सुसाट. आम्ही मराठीत वाट्टेल ते बोलायचो. आजूबाजूच्या कोणाला एक अक्षर कळत नाही, याचं सुख काय असतं ते परदेशात राहिल्याशिवाय समजत नाही. सासू, बॉस, गुडघे, सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या बसमध्येच "ती" जन्मली. ती म्हणजे मीच, पण लग्न करून इथे न आलेली. पुण्यात कर्वेनगरला दोन खोल्यांत एकटी राहणारी, कॉलेजात शिकवणारी, संध्याकाळी पेटी घेऊन गात बसणारी. पोह्यांवर खोबरं न घालता नुसतं लिंबू पिळून खाणारी. मला खोबरं आवडत नाही, पण नवऱ्याला लागतं, म्हणून आमच्या घरी घालतात. सुरुवात थट्टेत झाली. मग बसमध्ये टेकल्या टेकल्या मैत्रीण विचारायची, "काय गं, आज ती काय करतेय?" आणि मी सांगत सुटायचे.

यात जगावेगळं काही नाही. ऑफिसात फोन उचलला की माझ्या तोंडून वेगळीच बाई बोलते, इथल्या गोऱ्यांसारखं उठसूट "नो वरीज, स्वीट अ‍ॅज" म्हणणारी. माझी मुलगी त्या बाईची नक्कल करून पोट धरून हसते. तीच मुलगी घरी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते आणि पुण्याच्या आजीशी व्हिडिओवर बोलताना मात्र "हो आजी, जेवले आजी" असं शहाण्या बाळासारखं करते. प्रत्येकाच्या आत अशी दोन-चार माणसं मुक्काम ठोकून असतात. ती आपली आपल्याजवळ राहावीत, एवढीच माफक अपेक्षा.

एका सकाळी मी घरून भांडून निघाले. कारण इतकं फालतू, की सांगायला लाज वाटते. डिशवॉशर कोणी लावायचा! बसमध्ये मैत्रिणीने नेहमीचं विचारलं आणि मी तडकून म्हणाले, "ती मजेत आहे. तिला नवरा कधी भेटलाच नाही. आणि खरं सांगू? तिचं काही म्हणजे काही अडलेलं नाही." बोलले आणि मला रडूच फुटलं. तिने माझा हात धरून ठेवला. उतरताना म्हणाली, "माझ्यापाशीच राहील हं हे." मी निर्धास्त झाले.

दर वर्षी गणपतीत आमची मराठी मंडळी न्यू लिनच्या एका हॉलमध्ये जमतात. आरती, जेवण आणि दुपारी एकांकिका. त्या वर्षी एकांकिका लिहिली माझ्या या मैत्रिणीने, बसवली तिने आणि मुख्य भूमिकाही तिचीच. परदेशातल्या नाटकात तसंच चालतं, माणसं मिळतात कुठे? पहिलं वाचन तिच्या घरी झालं. आम्ही सगळे गालिच्यावर फतकल मारून बसलो होतो आणि ती वाचायला लागली. पुण्यात एकटी राहणारी बाई. पेटी. पोह्यांवर लिंबू. थोडं पुढे माझं ते वाक्य जसंच्या तसं आलं. "काही म्हणजे काही" सकट!

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, हे काय आहे?"

"अगं, लेखक कुठून तरी घेतोच ना? तुझं नाव आहे का कुठे? उलट तुला आनंद व्हायला हवा."

"आनंद? माझा नवरा येणार आहे बघायला. साउंड तोच करतोय!"

मग तिचा चेहरा उतरला. ते एक वाक्य काढते म्हणाली. माझ्यासमोर पेनने खोडलं. "आईशप्पथ, नाही म्हणणार. झालं समाधान?" लक्ष ठेवता यावं म्हणून मीच प्रॉम्प्टिंग घेतलं. आणि वर तिने काय मागावं? माझी निळी इरकल साडी! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याने एकट्याने दुकानात जाऊन निवडलेली. आणि मी मूर्खासारखी ती दिलीसुद्धा. भांडण मिटलं ना, मग साडीवरून कशाला ताणा, असं वाटलं.

तालमींत ते वाक्य एकदाही आलं नाही. रंगीत तालमीला नवरा लॅपटॉप घेऊन बसला. घरी येताना हसून बेजार. "अगं, ही तर अगदी तूच! साडीसकट! पण खोबरं आवडत नाही हे इतकी वर्षं बोलली का नाहीस, बये?" दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे त्याने केले आणि खोबरं वेगळ्या वाटीत ठेवलं. मी ते पोहे खाल्ले आणि देवाला म्हटलं, सुटले रे बाबा.

प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. मी विंगेत संहिता घेऊन उभी. नवरा समोरच्या कोपऱ्यात त्याच्या टेबलाशी, मला स्वच्छ दिसत होता. सगळं रंगत होतं. नाटकाच्या शेवटी ती बाई पेटी बंद करते, उठते आणि दारावरची बेल वाजते; ती दार उघडते की नाही, हे न दाखवताच पडदा पडतो. ती बेल नवऱ्याने वाजवायची होती.

तिने पेटी बंद केली. उठली. माझ्या साडीचा पदर खांद्यावर सारखा केला आणि प्रेक्षकांकडे बघून म्हणाली, "मला नवरा कधी भेटलाच नाही. आणि खरं सांगू? माझं काही म्हणजे काही अडलेलं नाही."

बेल वाजली नाही. नवऱ्याचं बोट लॅपटॉपवर होतं, पण तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. साडीकडे बघत होता. ती तशीच ताटकळली. मग तिची नजर विंगेकडे, माझ्याकडे आली. काहीतरी सुचव, असं डोळ्यांनी विनवत होती. मी संहिता मिटली. हॉलमध्ये कोणाचं तरी बाळ रडायला लागलं. मग नवऱ्याने मान खाली घातली आणि बेल वाजवली.

टाळ्या थांबेनात. मागे ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडायला लागली. "अगं, उभी राहिले आणि आपोआप आलं तोंडात! त्याच्याशिवाय नाटक उभंच राहत नव्हतं. ऐकल्यास ना टाळ्या? आणि कोणाला कळलंय?"

"साडी सोड," मी म्हणाले.

"इथे? आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता." तिने पडद्याआड जाऊन कपडे बदलले आणि साडीचा बोळा माझ्या हातात दिला.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, दॅट पॉज वॉज सो गुड!" घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "मी रागात बोलले होते रे."

"कोणाशी?"

"तिच्याशी. बसमध्ये."

"मला सांगितलं असतंस तर भांडलो असतो," तो म्हणाला. "मी ते हॉलभर माणसांत बसून ऐकलं." आणि चहा टाकायला गेला. माझ्यासाठीही टाकला.

सोमवारी तिने बसमध्ये माझी जागा धरून ठेवली होती. "अजून रुसलीयस? बरं, आज ती काय करतेय?" तिने खरंच विचारलं हो! इतका निलाजरेपणा कुठून आणतात माणसं?

"तिला तू विकलंस," मी म्हणाले आणि पुढे जाऊन एका अनोळखी माणसाशेजारी बसले. आता मी नंतरची बस घेते. ऑफिसला उशीर होतो, होऊ दे.

नवरा पूर्वीसारखाच आहे. बोलतो, हसतो, खोबरं वेगळ्या वाटीत ठेवतो. एकच गोष्ट बदलली. पूर्वी तो संध्याकाळी गॅरेजमधून हाका मारतच घरात शिरायचा. आता पुढच्या दाराशी येतो आणि बेल वाजवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं कुरिअर असेल. "किल्ली विसरलास?" मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. मुलगी आतून ओरडते, "डॅड, यू हॅव अ की!" पण तो बाहेर उभाच राहतो. कणकेने हात भरलेले असले तरी मी तशीच धावत जाऊन दार उघडते. तो क्षणभर माझ्याकडे बघतो, मग बूट काढून आत येतो.