संध्याकाळची शाळा

दुसऱ्यांच्या ऑफिसात जाऊन चुका काढण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे लेकीसाठी प्लेस्कूल शोधायची वेळ आली तेव्हा मी बायकोला छातीठोक सांगितलं, "हे माझ्यावर सोड. मोठमोठी कार्यालयं तपासतो मी. चार खोल्यांची शाळा काय चीज आहे?"

तिने सोडलं, कारण तिला दुसराच घोर लागला होता. लेकीपायी तिने होती नव्हती ती सगळी रजा वापरली होती आणि येत्या सोमवारी तिला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. दिल्लीत आमचं घरचं असं कोणी नाही. लक्ष्मीबाई नगरात वरच्या-खालच्या क्वार्टरमध्ये शेजारी आहेत, पण तेही कुठून कुठून बदली होऊन आलेले, सकाळी दाराला कुलूप लावून निघणारे. तीन वर्षांच्या पोरीला आम्ही परत येईपर्यंत सांभाळेल अशी जागा सोमवारच्या आत मिळायलाच हवी होती.

कॉलनीत एका शाळेचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मी आमच्या पी.ए.ला म्हणालो, "जरा फोन करके बता दीजिए, मैं आ रहा हूँ." पी.ए.ने वर्षानुवर्षांच्या सवयीने जे सांगायचं तेच सांगितलं: साहेब इन्स्पेक्शनला येताहेत.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की शाळा अप्रतिम आहे. गेटवर प्रिन्सिपल स्वतः उभ्या. मुलांचे केस ओले करून भांग पाडलेले. मी आत पाऊल टाकताच सगळ्यांनी एका सुरात "गुड मॉर्निंग सर" म्हटलं आणि एका टिकलीएवढ्या पोरीने मला गुलाब दिला. मला वाटलं, पालकांची किती कदर करतात ही माणसं! मग मीही मागे राहिलो नाही. पाण्याची टाकी कधी धुतली, आग विझवायचं सिलिंडर भरलेलं आहे का, जिन्याला कठडा आहे का, सगळं विचारलं. प्रिन्सिपलबाई प्रत्येक उत्तराला "सर" लावत होत्या आणि मधूनमधून काजूची बशी माझ्याकडे सरकवत होत्या. मी ती रिकामी केली.

घरी येऊन निकाल जाहीर केला. "ठरलं. यापेक्षा चांगली शाळा दिल्लीत नाही."

बायकोने लेकीच्या तोंडात वरणभाताचा घास कोंबत विचारलं, "आपल्याला उशीर झाला तर तिच्याजवळ कोण थांबतं?"

"असेल ना कोणीतरी."

"विचारलंस का?"

"अगं, सिलिंडरची तारीख विचारली!"

"सिलिंडर कडेवर घेणार आहे का तिला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लेकीला माझ्या हवाली करून, एकटीच त्या शाळेवर गेली. परत आली. चहा केला तो तसाच ठेवला. मग सांगितलं. शाळेत एकच मुलगी उरली होती. खोल्यांचे दिवे बंद. गार्डशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठीला दप्तर लावून तिला बसवलेलं. आया पोछा मारत आली आणि म्हणाली, पैर ऊपर कर. मुलीने पाय वर केले आणि आया गेली तरी वरच धरून बसली.

"रोज आपलीच शेवटची असणार आहे," बायको म्हणाली. "तुझी मीटिंग, माझी मेट्रो. सकाळी सगळ्याच शाळा चांगल्या असतात रे. मला संध्याकाळची शाळा बघायचीय."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका नेमका शेरा मला कधी लिहिता आलेला नाही. पण हार मानली तर तो मी कसला! म्हणालो, "बरोबर. मग आता न सांगता तपासणी. गुप्त. उद्यापासून मी."

मुनिरकामध्ये, माझ्या ऑफिसच्या वाटेवर, एका घराच्या तळमजल्यावर छोटं प्लेस्कूल होतं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या आणि विद्यार्थीच विद्यार्थी. समोर मोमोची गाडी. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी त्या गाडीआड उभा राहिलो आणि कानाला बंद फोन लावून बोलत असल्याचं नाटक केलं. गेटच्या फटीतून थोडंसंच दिसायचं: एक पिवळी भिंत, अर्धी घसरगुंडी. पहिल्या दिवशी तेवढ्यावर भागवलं. दुसऱ्या दिवशी धीर चेपला. गेटजवळ गेलो, वाकलो आणि फटीला डोळा लावला.

पलीकडून दुसरा डोळा माझ्याकडे बघत होता.

तो गार्डचा होता. त्याने गेट उघडलं आणि माझं मनगट धरलं. "कल से देख रहा हूँ आपको. किसका बच्चा है अंदर?"

"मेरी बेटी है." मग माझ्यातला तपासणी अधिकारी जागा झाला आणि मी माहिती दुरुस्त केली, "मतलब, अभी नहीं है. सोमवार से होगी."

मोमो खाणारी मुलं खायची थांबली. मी घाईघाईने ऑफिसचं ओळखपत्र काढलं. गार्डने ते उलटसुलट केलं. "कार्ड तो आजकल सब बनवा लेते हैं. अंदर चलो, मैडम के पास."

अशा रीतीने त्या शाळेत माझा प्रवेश झाला.

मॅडम म्हणजे शाळेच्या मालकीण, साठीच्या आसपासच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या आणि सुरीने सफरचंद कापत होत्या. त्यांच्या मांडीला टेकून एक मुलगा पालथा पडला होता. सगळी शाळा सुटलेली, हा एकटाच उरलेला; पण खोलीतले सगळे दिवे लागलेले. दप्तर खुंटीला. मुलाच्या पायात मोजेसुद्धा नव्हते, इतका तो घरच्यासारखा पसरला होता. मला एका इवल्याशा लाल खुर्चीत बसवण्यात आलं. गुडघे हनुवटीला लागले.

"बोलिए," मॅडम म्हणाल्या. सुरी चालूच.

मी सगळं सांगितलं. सोमवार, बायकोची रजा, गुप्त तपासणी. बोलताना माझं मलाच ते भयंकर संशयास्पद वाटत होतं.

मुलाने मान वर करून विचारलं, "ये अंकल चोर हैं?"

"अभी पता नहीं, बेटा. पूछ रही हूँ."

"इनको सेब दूँ?"

"पहले पता चलने दो."

मग त्यांनी बायकोला फोन लावायला लावला, तोही स्पीकरवर.

"अगं, मला पकडलंय."

"कुठे?"

"मुनिरकाच्या शाळेत."

पलीकडून असं हसू आलं की मराठीचा गंध नसलेल्या गार्डलाही खात्री पटली, बायको खरी आहे. मॅडमची मात्र पटली नाही. "उनको आने दीजिए," त्या म्हणाल्या आणि पुढची फोड कापायला घेतली.

बायको लेकीला घेऊन रिक्षाने आली. ओळख पटवायला आलेली ही माझी एकुलती एक पोर माझ्याकडे ढुंकूनही न बघता तडक सफरचंदापाशी गेली. मुलाने तिला एक फोड दिली. तिने खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

"यही हैं आपके?" मॅडमनी बायकोला विचारलं.

बायकोने मला त्या लाल खुर्चीत नीट न्याहाळलं, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. "हो जी. हैं तो मेरे ही."

तेवढ्यात त्या मुलाची आई धापा टाकत आली. ओढणी खांद्यावरून घसरलेली, तोंडाने सॉरी सॉरी, मेट्रो अटक गई थी. मॅडमनी मान वर न करता म्हटलं, "पहले पानी पियो. ये अभी खा रहा है." ती बाई मटकन सतरंजीवर बसली, पाणी प्यायली, आणि मग कुठे मुलाने उठून तिच्या गळ्यात हात टाकले.

माझी बायको भिंत बघत नव्हती, घसरगुंडी बघत नव्हती. ती त्या आईचा चेहरा बघत होती.

"मैडम, मंडे से लाऊँ?"

"ले आना. और इनको," मॅडमनी सुरी माझ्याकडे रोखली, "गेट पर मत खड़ा करना. गार्ड का बीपी बढ़ता है."

टाकीबद्दल मी काही विचारलं नाही. काय सांगू, विचारायची फार इच्छा झाली होती.

सोमवारी लेक रडली. भरपूर रडली, माझ्या शर्टाचं बटण तोडून रडली. मॅडमनी तिला घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, "जाओ अब." आम्ही गेलो. संध्याकाळी माझी मीटिंग लांबली. घड्याळाकडे बघितलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण खुर्ची सोडली नाही, आणि शेवटच्या मुद्द्यावर दोन प्रश्नही विचारले.

बायको आणि मी एकाच वेळी त्या गल्लीत पोचलो. खोलीत दिवे लागलेले होते. आमची लेक अनवाणी, मॅडमचा चष्मा स्वतःच्या नाकावर लावून, त्यांना काहीतरी वाचून दाखवत होती, मराठीत. आम्हाला बघून तिने बोटाने थांबायची खूण केली.

शेवटची तीच होती.