मास्तरीण आहे, पण घर नाही

अमरावतीच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या गाडीनं येऊन आम्ही अकोल्यालाच उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि ईफा. मी मूळची अमरावतीच्या राजापेठेतली. सध्या आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ईफा तिथलीच, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघी एकाच भाड्याच्या घरात राहत होतो. माझ्या भावाच्या लग्नाला ती मोठ्या हौसेनं आली होती.

अकोल्याहून एसटी धरली. दोन्हीकडे काळी जमीन, तुरी आणि वेचणीला आलेला कापूस. ईफानं कापूस झाडावर कधी पाहिलाच नव्हता. मूर्तिजापूरच्या पुढे बस बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून संत्री सोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भातकुलीला मावशीकडे गेलो. तिचा भाजीचा मळा आहे. तिनं पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) केला होता, वर ताजा सांभार (कोथिंबीर). ईफाचं नाक-डोळे वाहू लागले, तरी तिनं पुन्हा वाढून घेतलं. मावशी तिच्यावर खूश झाली आणि चौकशीला लागली. मी सांगितलं की तिची नोकरी पक्की आहे, पण स्वतःचं घर नाही. विकत घेणं सोडाच, भाड्यानं मिळणंही कठीण. तिकडे नोकरीवाली तरुण मुलं आईबापांच्या घरी, लहानपणीच्याच खोलीत राहतात. ईफाच्या भावाला मूल झालं, तरी तो तिथंच आहे.

“मास्तरीन आहे न ते? मंग घर कावून नाई?” मावशी म्हणाली. “सरकार काय करून राहिलं तिकडं?”

मी ईफाला अर्थ सांगितला. ती हसली, पण ते हसणं कडू होतं. “मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हाही घरं बांधू म्हणाले होते,” ती म्हणाली. “अजून तेच म्हणतात.”

लग्न आटोपल्यावर राजापेठेत गिला वडा खात उभ्या होतो, तेव्हा दोघींच्या फोनवर एकच मेसेज आला. घरमालकाला घर विकायचं होतं. परत आल्यावर लवकर खाली करा, असा निरोप. ईफानं प्लेट खाली ठेवली. क्लास सुटलेली पोरं आमच्या बाजूनं गाड्या काढत होती, आणि ती नुसती बघत राहिली.

तिनं घरी फोन लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला. भाऊ म्हणाला, ये, बैठकीत गादी टाकू. मग सांगू लागला की मतं मागायला दारात एक उमेदवार आला होता; त्याचं म्हणणं खरंच आहे, बाहेरून आलेल्यांनीच घरं भरून टाकली. मी ऐकतेय, हे त्याला माहीत नव्हतं.

ईफा लालबुंद झाली. “मला बाहेर काढणारा घरमालक आपल्याच गावचा आहे,” ती म्हणाली. “त्यानं हिलाही त्याच मेसेजनं काढलंय. ही माझ्या शेजारी उभी आहे. बोल तिच्याशी.”

मग तो सॉरी म्हणाला. मी ईफाची प्लेट उचलून तिच्या हातात दिली.

परतल्यावर आम्ही घरं पाहत फिरलो. एकेका खोलीसाठी रस्त्याच्या वळणापर्यंत रांग, आणि रांगेत सगळी आमच्याच वयाची. मला एका सहकारिणीच्या घरात खोली मिळाली. ईफानं ऑस्ट्रेलियातली नोकरी पत्करली. विमानतळावर तिची आई तिला मिठीतून सोडत नव्हती. आजूबाजूला तशाच आणखी आया होत्या.

तिच्या वर्गाला अजून शिक्षिका नाही. निवड होते, पण राहायला जागा मिळत नाही म्हणून कुणी रुजू होत नाही. शहरात कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहताहेत, आणि या श्रीमंत देशानं आपलीच मास्तरीण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घालवली. परवा बसमध्ये एक गृहस्थ माझ्याकडे बघून पुटपुटले, की तुम्ही आमच्या मुलांची जागा घेतली. मी मान खाली घातली नाही. जागा कुणी घेतली, ते मला ठाऊक आहे. दर महिन्याला भाडं मी त्यालाच देत होते.