विहिरीला दोन दोर

विजयदुर्गच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आमचा कॅम्प होता. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. तळेऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या एका तुकड्याचं काम इंजिनिअर्सच्या कंपनीकडे होतं. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट. एवढ्या लहान कॅम्पवर नर्सला सहसा पाठवत नाहीत. पण खडी फोडायला आसपासच्या वाड्यांतल्या बायका होत्या आणि त्या पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नव्हत्या. म्हणून कॅम्पचा दवाखाना, म्हणजे एम. आय. रूम, माझ्याकडे आला.

काम साधं होतं. ठेचलेली बोटं, उन्हाने आलेली भोवळ, डोळ्यात उडालेली कपची. कपचीसाठी जाळीचे चष्मे मागवले. बायका ते डोक्यावर चढवून हसत बसायच्या.

"ह्या लावन घराक गेलंय तर घोव भायर काढतलो, सिस्टरबाय!"

"आंधळी होऊन गेलीस तर नवरा ठेवून घेईल का?" मी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून चष्मे डोळ्यांवर आले.

माझ्या मदतीला हवालदार कदम होते. साताऱ्याकडचे, अबोल, चाळिशीला आलेले. कामाच्या जागेची सुरक्षा बघणं ही त्यांची ड्यूटी. सुरुंग उडवण्याआधी शिट्टी तेच वाजवायचे.

सड्यावर पाणी नाही. कॅम्पसाठी विहीर खणायचं काम गावातल्या बाबी आणि सदू या भावांना दिलं होतं. बाबी थोरला. जांभ्या दगडावर पहार आपटून आवाजावरून पाणी कुठे आहे ते सांगणारा. कदमांची थट्टा करायची एक संधी तो सोडत नसे.

"हवालदारसायब, बांगड्याचो काटो आमच्या गळ्यात अडकणा नाय. घाटावरच्यांका मात्र बरोबर वळाखता."

विहीर खोल गेली तसं खालून पाणी पाझरू लागलं. रॉकेलवर चालणारा पंप वरून एवढ्या खोलातलं पाणी ओढू शकत नव्हता. मुकादम राणे यांनी तो आत उतरवला, मधल्या टप्प्यावर ठेवला आणि जाड दोराने वर काठाला बांधला. आमच्या कॅप्टनसाहेबांची ऑर्डर स्पष्ट होती. पंपाचं इंजिन चालू असताना विहिरीत कोणी उतरायचं नाही. पाणी उपसायचं, इंजिन बंद करायचं, धूर निघू द्यायचा, मग माणूस खाली.

आदल्या संध्याकाळी बाबी अंगठ्याला पट्टी बांधून घ्यायला आला. मोठा झरा उद्या लागणार, असं म्हणाला. तिथली रीत अशी, की नव्या विहिरीचं पहिलं पाणी खणणाऱ्याने झऱ्याच्या तोंडातून घ्यायचं आणि जागेच्या राखणदाराला नारळासोबत द्यायचं. मगच बाकीच्यांनी प्यायचं.

"पण इंजिन आधी बंद," मी म्हटलं.

"बंद केल्यार झरो बुडतलो, सिस्टरबाय. मगे पयला पाणी खंयचा, ता कसा कळतला?"

"राखणदाराला कळेल."

तो हसला. "बरा," म्हणाला. मी तो होकार समजून कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट केला. त्यांनी राण्यांना पुन्हा बजावलं.

सकाळी राणे इंजिन चालू करून चहाला गेले. बाबीने कंदील खाली सोडून पाहिला. तो विझला नाही. जुन्या विहिरीत कोंडलेली हवा अशीच तपासतात आणि तिथे ती परीक्षा बरोबर आहे. पण इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिवा विझवत नाही. बाबी तांब्या घेऊन उतरला.

मी सदूची हाक ऐकून धावले. बाबी तळाला भिंतीला टेकून बसला होता. मान छातीवर. शेजारी सुतळीला टांगलेला कंदील जळत होता.

सदूने शिडीवर पाय टाकलाच होता. दोन जवानांनी त्याला मागे ओढून जमिनीवर पाडलं.

"सोड माका! भाव माझो थंय मरता!"

"तू उतरलास तर दोघांना काढावं लागेल," मी म्हटलं.

"बायल नाय, दगड आसस तू!"

"धरून ठेवा याला," मी जवानांना सांगितलं.

पेच असा होता. इंजिन चालू ठेवलं तर वायू वाढणार. बंद केलं तर पाणी चढणार, आणि बाबी पाण्यातच बसलेला. विहिरीवर चांगले दोर दोन. एक इंजिनाच्या वजनाला अडकलेला. माणसाला बांधायला राहिला एक.

कदमांनी तो कमरेला बांधला आणि तोंडावर ओला रुमाल घेतला.

"रुमालाने हा वायू अडत नाही," मी म्हटलं. "श्वास रोखून टप्प्यापर्यंत जा. इंजिन बंद करा. लगेच वर. दोर सोडायचा नाही. ही ऑर्डर आहे."

"येस, सिस्टर."

इंजिन थांबलं. सड्यावर एकदम शांतता झाली आणि खालचं पाणी ऐकू येऊ लागलं.

"कदम, वर या!"

"पाणी छातीला लागलंय त्याच्या."

"कदम!"

ते खाली गेले. आम्ही दोर सोडत गेलो, कारण ओढलं असतं तर ते शिडीवरून पडले असते. मग दोर सैल झाला आणि दोन झटके आले. ओढा, अशी खूण. आम्ही ओढलं. वर आला तो बाबी.

दोर परत टाकला. कोणी धरला नाही.

इंजिन कोसळायचा धोका पत्करून एका जवानाने त्याचा दोर कापला आणि तो कमरेला बांधून, श्वास रोखून उतरला. मी तोवर बाबीच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत होते. कदमांना वर आणलं तेव्हा त्यांचे गाल लालसर होते, चांगल्या झोपेतून उठल्यासारखे. या वायूने तसा रंग येतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. बाबीला श्वास लागला. मी त्याला सदूकडे सोपवून कदमांना श्वास देऊ लागले आणि डॉक्टर येईपर्यंत ते थांबवलं नाही.

वायरलेसवर मुख्यालयाशी मीच बोलले.

"एक बेशुद्ध, श्वास चालू. एक मृत. ओव्हर."

"मृत सिव्हिलियन? ओव्हर."

"नाही. हवालदार कदम. ओव्हर."



पुढे लोक मला विचारत, ऑर्डर मोडणाऱ्याला शूर म्हणायचं का? म्हणायचं. पण दुसरा दोर मोकळा असता तर त्या शौर्याची गरज पडली नसती. मी नर्सिंगच्या मुलींना हेच शिकवते.

काही वर्षांनी त्या बाजूला गेले. कॅम्प उठला होता, विहीर गावाची झाली होती आणि गाळ काढायचं काम चाललं होतं. त्या वायूने बाबीचा एक हात अजून थरथरत होता. काठावर दोन दोर मोकळे पडले होते. पंप बाहेर, बराच लांब. सदूने मला ओळखलं. माझ्यासाठी फळी झटकली.

उतरण्याआधी बाबीने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवांना साकडं. राखणदाराचं नाव घेतलं, ग्रामदेवतेचं घेतलं. मग म्हणाला, "आणि ह्या बावीत आमचो हवालदार आसा. खाली गेलेल्याक तेणी वर धाडूचो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मीही म्हटलं.