वाकड्या नाकाचा राक्षस

ज्यांनी ती गोष्ट कधी वाचली नाही, त्यांना तिच्याबद्दल सगळं ठाऊक असतं. एका अतिशहाण्यानं मढ्यांचे तुकडे जोडून माणूस बनवला, तो उलटला, लोक पळाले, संपलं. एवढ्याशा भांडवलावर पिढ्यान्पिढ्यांचं भागतंय. दप्तरावर तो राक्षस, खोडरबरावर तो राक्षस. कुणाचं पोर हाताबाहेर गेलं की शेजारी मान डोलावून म्हणणार, "हा राक्षस तुम्हीच घडवलात हो!" पुस्तकाचं एक पान उलटायचं म्हटलं तर मात्र बोट उचलत नाही कुणाचं.

मुखवट्यांच्या कारखान्यातला साचेवाला या सगळ्यांना कवडीची किंमत देत नसे. पुस्तक त्यानंही वाचलं नव्हतं. पण आपल्याला वाचायची गरजच काय, असा त्याचा तोरा होता, कारण राक्षसाचं तोंड त्याचं होतं.

झालं होतं ते असं. तो नवा कामाला लागला तेव्हा मालकाला राक्षस हवा होता आणि मूर्तिकार नको होता. मालक म्हणजे हातावर पाणी पडलं तर तेही साठवून ठेवणारा कंजूष. त्यानं ह्यालाच बाकावर आडवं केलं, तोंडाला तेल चोपडलं, नाकात दोन नळ्या खुपसल्या आणि वर प्लास्टर ओतलं. मग त्या छापाला कपाळ चढवलं, टाके कोरले, मानेत दोन खिळे ठोकले. नाकाला कुणी हात लावला नाही. लहानपणी सायकलवरून पडून ते डावीकडे वाकलं होतं, ते तसंच राहिलं. तेव्हापासून कारखान्यात त्याचं नाव पडलं 'ओरिजिनल'.

पुढची अडतीस वर्षं काम एकच. साच्यात पातळ रबर ओतायचं, थर धरला की उरलेलं उपसायचं, वाळलं की स्वतःचं तोंड सोलून काढायचं. माल गावोगावी गेला. नक्कल करणाऱ्यांनी नाकासकट नक्कल केली. शेवटी कॉलेजात शिकून आलेला नवा चित्रकार ओरिजिनललाच समजावू लागला, "काका, राक्षसाचं नाक वाकडंच असतं. मूळ गोष्टीत आहे तसं."

"गाढवा," ओरिजिनल म्हणाला, "मूळ गोष्ट तुझ्यापुढे उभी आहे."

त्याच कारखान्यात ससाही निघायचा. गुलाबी गाल, दोन दात, चेहऱ्यावर अकलेचा लवलेश नाही. सशाच्या साच्याला ओरिजिनल हात लावत नसे. "ते बावळट ध्यान दुसऱ्याला द्या," म्हणायचा.

पुस्तक वाचलं होतं ते एकट्या त्याच्या मुलीनं. लग्नाआधी एकदा तिनं जेवताना सांगितलं, "बाबा, तो राक्षस मुळात वाईट नसतो हो. एका घराबाहेर लपून तो आतल्या माणसांचं बोलणं ऐकतो, त्यांना जीव लावतो. घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी तो बोलतो, तेव्हा म्हाताऱ्याला तो भला वाटतो. बाकीचे येतात, तोंड बघतात आणि त्याला मारायला धावतात. तो बिचारा रडत पळून जातो."

"मग रडायचं कशाला? राक्षस आहे ना?" ओरिजिनल घास चावत म्हणाला. "मी असतो तर दारच फोडलं असतं. लेचापेचा कुठला!"

मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. तिला मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली, पण येणं काही जमेना. आजोबांची आणि नातीची ओळख सगळी टेलिफोनवरची. दर रविवारी तो तिला गोष्ट सांगायचा आणि ती पलीकडून विचारायची, "आजोबा, मी आले की मला मांडीवर घेशील?" माणसांना तुच्छ लेखणारा हा गडी रविवारी सकाळपासून फोनला चिकटून बसायचा.

शेवटी ती आली. ओरिजिनल दाढी करून, नवा सदरा घालून दारात उभा. पोरीनं वर पाहिलं आणि अशी किंचाळली की जिन्यावरची माणसं दारं उघडून बघू लागली. तिच्या शाळेत कुणा टवाळानं तो मुखवटा घालून तिला कोपऱ्यात गाठलं होतं. तेच नाक.

समजावून झालं, खाऊ देऊन झाला. ती आईच्या पदरातून तोंड काढेना. दुसऱ्या दिवशीही तेच. ओरिजिनल स्वयंपाकघरात दार लोटून बसला. बाहेर नात आजीशी हसत होती आणि तो फटीतून ऐकत होता. दार फोडायची भाषा करणाऱ्याला कडी काढायचं धाडस होईना. त्याला फार वाईट वाटलं, आणि पहिल्यांदाच त्या लेच्यापेच्या राक्षसाची आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी तो कारखान्यातून परतला तो तोंडावर ससा चढवून.

"कोण आलंय?" पोरीनं विचारलं.

"मी आजोबा."

आवाज ओळखीचा. ती दबकत आली, लांब कान ओढून पाहिले आणि मांडीवर चढून बसली.

मग आठ दिवस तो घरात ससा होऊन वावरला. पोरगी झोपली की जेवायचा. रबराच्या आत उकडून गालावर पुरळ आलं. मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा काढून बघा ना. आता नाही घाबरायची." तो नुसती मान हलवायचा, कान लटपटायचे. ती पुन्हा किंचाळली तर हे आठ दिवसही हातचे जातील, एवढीच त्याला भीती.

स्टेशनवर लोक टकमक बघत होते. गाडीच्या खिडकीतून नातीनं दोन्ही हातांनी सशाचं तोंड धरलं आणि त्याच्या गुलाबी गालाची पापी घेतली.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला.

"अहो, गेली ती," बायको म्हणाली. "काढा आता ते."

"राहू दे," तो म्हणाला आणि पापी घेतलेल्या रबरावर हात ठेवून तसाच घरापर्यंत चालत आला.