चार पॉइंट एकच्या पुढं

बसा, चहा येऊ द्या. आज माझी अब्रू मीच काढतो. तशी परभणीपासून मानवतपर्यंत ती कधीच निघालीय, तुम्ही तेवढे राहिलात.

मानवतला माझं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. माझा स्वभावही तुम्हाला ठाऊक आहे. मला सगळं जगच संथ दिसतं. नवरी उंबऱ्यातून निघाली की माझ्या डोळ्यांपुढं आधी तिचा पदर नुसता तरंगतो, मागून ढग जातात, ढगातून चंद्र येतो आणि मग कुठं ती पाऊल टाकते. बायको म्हणते, तुम्हाला जेवायला हाक मारली तरी तुम्ही ढगातूनच येता.

पण असं संथ दाखवायला कॉम्प्युटर मात्र पळणारा लागतो! म्हणून नवा प्रोसेसर आणला, कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्याही पुढं दामटता येतो असा. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. त्याला पाच गिगाहर्ट्झवर न्यायचं माझं स्वप्न होतं. तो मात्र चार पॉइंट एकपर्यंत यायचा, तिथंच अडायचा आणि व्हिडिओ अर्धा होईतो मशीनच बंद पडायचं.

त्यात काम कुणाचं? सख्ख्या मेहुण्याचं! गजानन फौजेत आहे. सोनपेठकडच्या गावात त्याचं लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत सुट्टी संपत आली. नवरी इकडं राहणार, हा तिकडं बर्फात जाणार. सोबत न्यायला काय, तर लग्नाचा व्हिडिओ. बायकोनं मला एकदाच सांगितलं, "माझा भाऊ रिकाम्या हातानं गेला, तर मी माहेरात तोंड दाखवणार न्हाई. अन् तुमालाबी दाखवू देणार न्हाई."

मग काय, लागलो मागं. सेटिंग बदललं, व्होल्टेज वाढवलं, रॅम काढून पुन्हा बसवली. प्रोसेसरचं तापमान शंभराला भिडत होतं. मला वाटलं, मे महिन्यात आपल्याकडं माणूस उकडून निघतो, ह्यानं काय घोडं मारलंय? घरातला पाण्याचा कूलर उचलून दुकानात त्याच्यापुढं लावला. घरची माणसं घामाघूम आणि प्रोसेसर गार वाऱ्यात! तरी चार पॉइंट एक. मी त्या आकड्याकडं बघत बसायचो. बघता बघता चारचे साडेचार व्हायचे, साडेचारचे पाच, मागं सनई वाजायला लागायची. डोळे चोळले की पुन्हा चार पॉइंट एकच.

शेवटी माझी खात्री पटली की परभणीच्या रफिकभाईंनी जुना माल माझ्या गळ्यात मारलाय. प्रोसेसर त्यांच्याच दुकानातून घेतला होता. गजाननची रेल्वे परभणीहूनच संध्याकाळची होती. सकाळी मी, गजानन, त्याची ट्रंक आणि मांडीवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट, असे जीपनं निघालो.

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत मी रफिकभाईंना बेईमान म्हणालो. त्यांनी नुसता स्क्रू-ड्रायव्हर घेतला. प्रोसेसरच्या डोक्यावर एक धातूचा ठोकळा आणि पंखा असतो. तो इतका चिकटून बसवायचा असतो की मध्ये केस मावू नये, तरच उष्णता निघून जाते. रफिकभाईंनी तो ठोकळा उचलला आणि तसेच थांबले.

प्रोसेसरच्या मधोमध कुंकू होतं. आणि एका कोपऱ्यात दोन अक्षता. तांदळाच्या त्या दोन दाण्यांनी अख्खा ठोकळा एका अंगानं उचलून धरला होता.

आपल्याकडं नवी वस्तू आली की हळदकुंकू लागतंच. ट्रॅक्टर असो, नाहीतर विहिरीवरची मोटार.

"बरकतीसाठी करतात, मालूम हाय मला," रफिकभाई म्हणाले. "पण लोक डब्याला करतात, भाऊ. हे आत कुणी केलं?"

इथं खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? मी म्हणालो, "घरच्यांनी केलं असंल. बायामाणसांला काय कळतंय ह्याच्यातलं!" आणि शेजारी उभा कोण? तिचा सख्खा भाऊ.

रफिकभाईंनी खिशातून मोबाइल काढून आम्हा दोघांपुढं धरला. त्यांना मीच मोठ्या हौसेनं पाठवलेला व्हिडिओ होता. माझाच हात, माझीच अंगठी. चिमटीतून एक अक्षता सुटते, हवेत गिरक्या घेत घेत प्रोसेसरवर येते, मागून ढग जातात, चंद्र उगवतो, सनई वाजते. शेवटी सोनेरी अक्षरात माझंच नाव.

"मला वाटलं, पुसून मंग बसवलं असंल," रफिकभाई म्हणाले.

आता पूजेचं कुंकू पुसायचं कसं, सांगा! मी मान खाली घातली आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्यांची माफी मागितली. त्यांनी प्रोसेसर स्वच्छ केला, ठोकळा नीट बसवला आणि आकडा चढत चढत पाचावर गेला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी तिथंच दुकानात लग्नाचा व्हिडिओ तयार झाला. नवरीनं मान वर केली तिथं गजानन श्वास रोखून बसला होता. त्या एका क्षणासाठी मला माझं संथपण माफ करावंसं वाटलं.

मी पेन ड्राइव्ह हातात दिला, तसा तो म्हणाला, "दाजी, ते अक्षताचंबी टाका ह्याच्यात."

मी हात जोडले. म्हटलं, बाबा, तेवढं नको.

"तिकडं लय एकटं वाटतंय, दाजी. हिला बघून रडू यायलंय आत्तापासूनच. हसायला काय बघू मी?"

मग टाकलं.

परवा त्याचा फोन आला. लग्नाचा व्हिडिओ तो एकटाच बघतो म्हणे, माझा मात्र अख्खी तुकडी जमून बघते. त्यांचे सुभेदारसाहेब विचारत होते, पहिली अक्षता खाली पोचेपर्यंत जेवून आलं तर चालेल का.