कॅसेटवर उतरवलेली माणसं

लोक आमच्याकडे फिल्मचा डबा घेऊन यायचे आणि डब्याबरोबर एक गोष्टही आणायचे. काम झालं की डबा घरी परत जायचा, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहायची. अशा किती साठल्या म्हणून सांगू! आजही लखनौतली जुनी मराठी मंडळी चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "वसुधाताई, तो मॅचचा किस्सा सांगा ना." आणि एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतोच.

आम्ही म्हणजे मी आणि सिद्दीकीसाहेब. ह्यांची बँकेची बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून लखनौला आलो आणि महानगर नावाच्या वस्तीत तळमजल्यावर भाड्यानं राहू लागलो. पुढची खोली रिकामीच होती. सिद्दीकीसाहेब एका थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. केबल घरोघरी आली आणि थिएटर बंद पडलं. त्यांच्याकडे हात होते, माझ्याकडे खोली, दोन व्हीसीआर आणि एक व्हिडिओ कॅमेरा. जुन्या घरगुती फिल्म व्हिडिओ कॅसेटवर उतरवून द्यायच्या, खराब झालेल्या कॅसेट दुरुस्त करायच्या, असा उद्योग आम्ही सुरू केला.

*

पहिलं काम आणलं पाठकांनी. ते अमौसीला विमानतळावर नोकरीला होते. त्यांच्या वडिलांची एक फिल्म होती, छतावर पतंग उडवतानाची. मी ऐटीत म्हटलं, "परवा घेऊन जा."

भिंतीवर फिल्म छान दिसायची, पण कॅमेऱ्यानं शूट केली की कॅसेटवर चित्र नुसतं लुकलुकायचं. परवा गेला, तेरवा गेला. सिद्दीकीसाहेब प्रोजेक्टरच्या वेगाचं बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे. मी वैतागले की म्हणायचे, "भाभी, मशीन से ज़बरदस्ती नहीं करते, उसे मनाते हैं."

सहाव्या दिवशी मशीन मानलं. चित्र असं शांत झालं, की पतंगाचा मांजासुद्धा दिसायला लागला. पाठक वडिलांना घेऊन आले. काका ऐंशीच्या घरातले. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले, स्वतःला पतंग उडवताना डोळे भरून पाहिलं. शेवटी त्यांचाच पतंग कटला, तसे गंभीरपणे माझ्याकडे वळले.

"बाई, एक विनंती आहे. कटायच्या आधीच टेप बंद करता येईल का?"

आम्ही तसंच करून दिलं. त्या कॅसेटमध्ये पाठककाका अजून एकदाही हरलेले नाहीत.

*

आता मॅचचा किस्सा. देशपांडे विमा कंपनीत होते. एका दुपारी ऑफिसातून परस्पर आले आणि दार लोटून घेऊनच बोलायला लागले. त्यांनी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केली होती, आणि ती नेमकी स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटवर. अंतरपाट धरल्यापासून पंगती उठेपर्यंत सगळं गेलं होतं.

"पुढच्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस आहे. हिनं कॅसेट लावायला काढली तर?"

जे पुसलं गेलं ते परत येत नाही, हे मी त्यांना समजावलं. मग विचारलं, "दुसरी कॉपी कुणाकडे आहे का?" ती त्यांच्या मेहुण्याकडे अकोल्याला निघाली. मेहुण्याला बायकोला न कळू देता कसं पटवलं ते देशपांडेच जाणोत, पण लखनौला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट आली. आम्ही तिची स्वच्छ कॉपी काढली. जुन्या कॅसेटवरचं लेबल सिद्दीकीसाहेबांनी वाफेवर सोडवलं आणि नवीवर हुबेहूब चिकटवलं. देशपांडे छाती फुगवून घरी गेले.

वाढदिवसाला आम्हालाही बोलावलं होतं. कॅसेट लागली, सनई सुरू झाली. देशपांड्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. एवढ्यात त्यांची बायको थंडपणे म्हणाली, "अरे वा, लग्न परत आलं का? दोन वर्षं तर इथं मॅच होती."

देशपांड्यांचा घास हातातच राहिला. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"आपण जिंकलो होतो ना, म्हणून."

*

काळे आजींची फिल्म डब्यातच अकरा तुकडे होऊन आली. तुकडे सांधणं सिद्दीकीसाहेबांच्या डाव्या हातचा मळ होता, पण कुठल्यामागे कुठला लावायचा? आजींचे दोन मुलगे येऊन बसले आणि साल-महिन्यांवरून वाद घालू लागले. एक तास झाला तरी तिसऱ्या तुकड्यापलीकडे गाडी जाईना.

आजी कोपऱ्यात बसून सगळे तुकडे एकेक करून भिंतीवर बघत होत्या. फिल्म कृष्णधवल, तरी त्या म्हणाल्या, "ही हिरवी नारायणपेठी दिवाळीची. ही जांभळी त्याच्या आधीची, धाकट्याच्या बारशाची. ही इरकल माहेरहून आलेली, ती सगळ्यात शेवटी."

आम्ही साड्यांच्या क्रमानं फिल्म जोडली. पाळण्यातलं मूल रांगायला लागलं, रांगणारं चालायला लागलं, कुठेही मागेपुढे नाही.

*

श्रीवास्तवजी जानकीपुरमला नवीन घर बांधत होते. अर्धवट बांधलेल्या घरात ट्रंक ठेवली होती, तिला ओल लागली आणि आतल्या कॅसेटवर पांढरी बुरशी आली. तिच्यात त्यांच्या अम्मांचं गाणं होतं. घरात मूल जन्मलं की अम्मा सोहर गायच्या. अम्मांना जाऊन चार वर्षं झाली होती. आता मुलीला मूल झालं होतं आणि पाच दिवसांवर छठी, म्हणजे सहाव्या दिवसाची पूजा, होती.

"बिटिया कह रही है, दादी के सोहर के बिना छठी कैसी," श्रीवास्तवजी म्हणाले.

सिद्दीकीसाहेबांनी कॅसेट उघडली. जुन्या मलमलीच्या कापडाच्या चिमटीतून टेप बोटानं पुढे सरकवत, वितीवितीनं पुसायची. असं चार दिवस चाललं. माझी बोटं आखडली, त्यांची नाही. मग जुन्या व्हीसीआरवर चालवून कॉपी काढायला घेतली. दर दहा मिनिटांनी बुरशीनं टेप वाचणारं हेड भरायचं, चित्र जायचं, आम्ही थांबून साफ करायचो. गाणं संपलं आणि त्याच क्षणी व्हीसीआरनं कर्रर्र केलं आणि मान टाकली. तो पुन्हा कधीच चालला नाही.

सिद्दीकीसाहेबांनी त्याच्यावर रुमाल पांघरला. म्हणाले, "शहीद हुआ. मगर अम्मा सलामत हैं."

छठीला बायकांच्या घोळक्यात टीव्ही मांडला होता. अम्मांचा आवाज सुरू झाला. पहिली ओळ त्यांनी एकट्यांनी म्हटली. दुसऱ्या ओळीला अख्खी खोली त्यांच्याबरोबर गात होती.

*

सुनंदा चाळिशीची, शाळेत शिकवायची. तिचे वडील हवाई दलात होते. ती सव्वा वर्षाची असताना ते गेले. नंतर आईही गेली, आणि आईच्या कपाटात एक फिल्म सापडली. तीन मिनिटांची, मुकी.

आम्ही ती कॅसेटवर उतरवली. क्वार्टरच्या अंगणात वडील उकिडवे बसलेत. समोर छोटी सुनंदा डुलत उभी आहे. कॅमेरा अर्थात आईच्या हातात. सुनंदा पाऊल टाकते, तोल जातो, कॅमेरा एकदम हलतो. वडील कॅमेऱ्याकडे हात करून काहीतरी बोलतात.

सुनंदानं ते पंधरा-वीस वेळा पाहिलं. मग मला म्हणाली, "ताई, मला त्यांचा आवाज आठवतच नाही. निदान काय म्हणाले तेवढं कळलं असतं तर."

सिद्दीकीसाहेब उठले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बेगमना, नूरआपांना, घेऊन आले. नूरआपांना लहानपणी तापात ऐकू येईनासं झालं होतं. समोरच्याच्या ओठांवरून त्या सगळं समजून घ्यायच्या आणि सपाट, एकसुरी आवाजात बोलायच्या. पण त्यांना मराठीचा गंधही नव्हता.

त्या टीव्हीजवळ बसल्या. तीनदा बघितलं. मान हलवली. "हिंदी नहीं है. समझ में नहीं आता."

सिद्दीकीसाहेबांनी त्यांच्यासमोर येऊन सावकाश सांगितलं, "समझो मत. बस वैसे ही मुँह चलाओ."

नूरआपा सुनंदाकडे तोंड करून बसल्या. आवाज न करता, अगदी हळू, तिच्या वडिलांसारखे ओठ हलवले. आधी मिटले, मग उघडून पुढे काढले. परत केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा सुनंदाचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले आणि त्यातून शब्द बाहेर आला.

"पडू दे."

आणखी एकदा.

"पडू दे. उठेल ती."

टीव्हीवर अंगणातली पोर दोन्ही हात जमिनीला टेकून उठत होती. सुनंदा तोंडावर पदर धरून रडत होती.

नूरआपांनी माझा दंड धरला. काय म्हणाला तो माणूस, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी त्यांच्यासमोर बसून सावकाश सांगितलं, "कह रहे हैं, गिरने दो. उठ जाएगी."

नूरआपांनी सुनंदाला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

"उठ तो गई," त्या म्हणाल्या.