बारव अन् आमची बिनकामाची मंडळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत न्हाई. घरामागं तुराट्या जमतात तसे ते जमत जातात, अन् मंग एक दिवस दार उघडायला जागा राहत न्हाई. माझं तसंच झालंय. म्हणून आज थोडे बाहेर काढते.

आमचं गाव तीर्थपुरीच्या रस्त्याला. मी गयाबाई, चौथी पास, फाट्यावर माझं चहाचं हॉटेल. आम्ही चौघं आहोत. एक मी. दुसरे गुरुजी, शाळेतून रिटायर झाले पण शिकवायचं थांबले न्हाईत. तिसरी माझी शेजारीण रुखमा. चौथे कादरभाई जीपवाले. दर रविवारी आम्ही जुनी देवळं, जुने दगड, जुन्या विहिरी बघत हिंडतो अन् जो भेटेल त्याला सांगतो. महाराष्ट्राचा निम्मा इतिहास उकिरड्यात पडलाय, असं गुरुजी म्हणतात. गाव आम्हाला 'बिनकामाची मंडळी' म्हणतं. म्हणू द्या!

तरी आमच्यापुढं एक काम होतंच. गावात पायऱ्यांची जुनी बारव आहे. सरपंच बबनरावानं ठरवलं की तिच्यात मुरूम टाकायचा अन् वर दुकानाचे गाळे काढायचे. बबनराव माझा चुलत दीर. मी नवी नवरी होऊन आल्ते त्या उन्हाळ्यात गावच्या सगळ्या विहिरी आटल्या, पण बारव आटली न्हाई. माझं पहिलं लेकरू त्या पाण्यावर जगलं. ती बारव कोणी बुजवून राह्यलंय अन् मी चहा उकळत बसू? बिलकुल न्हाई!

*

आमची मंडळी सुरू झाली ती माझ्या भांड्यांपासून.

हॉटेलाच्या मागं एक काळा दगड होता. चौदा वर्षं मी त्याच्यावर कपबशा घासल्या. एक दिवस गुरुजी चहा प्यायला आले अन् मागं हात धुवायला गेले. बराच वेळ आलेच न्हाईत. जाऊन बघते तर दगडापुढं उकिडवे बसलेले!

"गयाबाई, ही वीरगळ आहे. यादवांच्या काळातली असावी. खाली बघा, गायी. वर बघा, लढणारा माणूस. गावच्या गायी सोडवताना हा मेला."

"मंग इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं का न्हाई?" मी म्हणले.

मी वाकून पुन्हा बघितलं. त्याच्या हातात तलवार होती, अन् त्याच्या तोंडावर माझी राख अन् नारळाची शेंडी!

त्या दिवशी मी त्याला आंघोळ घातली अन् हॉटेलाच्या दारात उभा केला. आता कोणी त्याला सायकल टेकवली की मी ओरडते, "ए! गायी सोडवल्यास का तू कधी?"

*

जांब समर्थला गेल्तो. तिथं साताऱ्याकडून यात्रेकरूंची मोटर आल्ती. त्यातल्या एका गृहस्थानं गुरुजींला सहज विचारलं, "हे देऊळ जुनं का हो?"

असं गुरुजींला विचारायचं नसतं!

गुरुजी सुरू झाले. देवळापासून निघाले ते गोदावरीला गेले, तिथून पैठणला, पैठणहून देवगिरीला. कादरभाई माझ्या कानात म्हणाले, "गयाबाई, ये अभी देवगिरी पे हैं. दौलताबाद होने को टाइम है!"

तेवढ्यात त्या गृहस्थाची मोटर त्याला सोडून निघून गेली. माणूस घाबरला. आम्ही त्याच्या फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावला. ती मोटरीतच होती.

"बाई, तुमचे मालक इथंच राहिले," मी म्हणले.

"काय करून राह्यलेत?"

"इतिहास ऐकून राह्यलेत."

"कोणाचं ऐकतात का ते?" बाई म्हणाली. "मंग एक तास तरी राहू द्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकून राह्यलेत!"

कादरभाईंनी जीप दामटून त्याला वडीगोद्रीला मोटरीत बसवून दिलं. उतरताना तो गुरुजींला म्हणतो, "दौलताबादचं राहिलं हो!"

*

गावात नव्वदीचे एक आबा आहेत. निजामाचं राज्य त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. गुरुजी वही घेऊन त्यांच्यापुढं बसले.

"आबा, निजामाच्या राज्यात अन् आताच्या राज्यात काय फरक?"

आबांनी लई विचार केला. "तवा मला दात होते."

गुरुजींनी ते लिहून घेतलं! मी म्हणले, "अहो, लिहिता काय?" तर म्हणे, "साक्षीदार आहे तो!"

"अजून काय आठवतं आबा?"

"रझाकार येऊन राह्यले म्हणून माझ्या आईनं मला ज्वारीच्या कणगीत लपवलं."

रुखमाच्या डोळ्याला पाणी आलं. गुरुजी हळूच म्हणाले, "मंग? रझाकार आले?"

"रझाकार न्हाई आले. पण आई मला कणगीत विसरून शेतात गेली!"

*

बारव वाचवायची तर लोकांला दाखवली पायजे, म्हणून गुरुजींनी व्हिडिओ काढायचं ठरवलं. बोलणार रुखमा, कारण तिचा आवाज पार नदीपलीकडं जातो. गुरुजींनी तिच्याकडून भाषण पाठ करून घेतलं. रुखमा पायरीवर उभी राहिली, पदर बराबर केला.

"नमस्कार मंडळी. ही आमची प्राचीन बारव. हिची बांधणी पहा. चुना न्हाई, सिमेंट न्हाई, दगडात दगड बसवलाय..."

तेवढ्यात वरून बबनरावाच्या माणसानं कचऱ्याचं टोपलं उपडं केलं. सगळं रुखमाच्या डोक्यावर! भाषण गेलं अन् रुखमा सुरू झाली. पाच मिनिटं. एक शिवी दोनदा आली न्हाई!

कादरभाईंनी फोन बंद केला न्हाई अन् गुरुजींनी न बघताच व्हिडिओ पाठवून दिला. जालन्यापर्यंत गेला तो. मंठ्याहून माणसं बारव बघायला आली. बारवेपेक्षा "त्या बाई कुठंयत?" हेच जास्त विचारत होती, पण आली तर खरी!

बबनराव चिडला. म्हणाला, येत्या ग्रामसभेत ठरावच घेतो, दुसऱ्या दिवशी जेसीबी.

*

ग्रामसभेला आठ दिवस राहिले तवा आम्ही बारवेतला गाळ काढायला उतरलो. खालच्या पायरीचा एक दगड हलत होता. आमच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावर पाय ठेवून पाण्यात उतरल्या. कादरभाईंनी जीपला दोर बांधला, ओढला, अन् दगड उलटा झाला.

पालथ्या बाजूला कोरीवकाम होतं! वर चंद्र अन् सूर्य. खाली एक बाई अन् एक गाढव.

रुखमानं बघितलं अन् पदर तोंडावर ओढला. कादरभाई आभाळाकडं बघायला लागले. "तौबा! गुरुजी, ये तो मेरे को बिगर शिकवे समझ गया!"

गुरुजी मात्र दगडापुढं गाळातच बसले. "गधेगाळ! गयाबाई, ही गधेगाळ आहे! राजा गावाला जमीन, पाणी दान द्यायचा. ते दान कोणी मोडू नये म्हणून असा दगड रोवायचा. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान. अन् जो मोडील त्याला खाली शिवी."

"शिवी? दगडात?"

"दगडात. म्हणजे पुसता येत न्हाई."

*

ग्रामसभा भरली. आम्ही दगड जीपमधून आणून सगळ्यांपुढं ठेवला. बायाबी झाडून आल्त्या. गुरुजी माइकवर उभे राहिले. चंद्र-सूर्य झकास सांगितले. मंग गाढवावर आले अन् अडकले. छत्तीस वर्षं पोरं शिकवलेला माणूस तो, पण पुढं सगळ्या लेकीसुना.

"तर... जो ही बारव मोडील, त्याच्या... मातोश्रींचा... मोठा अवमान होईल."

"कसला अवमान?" मागून कोणी ओरडलं.

"म्हणजे... गंभीर."

मी म्हणले, "गुरुजी, बसा खाली." माइक घेतला अन् दगडावर जे होतं ते सांगून टाकलं. मोडणाऱ्याची आई कोणती, गाढव कोणतं, सगळं. इथं लिहीत न्हाई, छापणारा लाजंल.

मंग बबनराव उभा राहिला.

"वहिनी, राजे गेले, गाढवं गेली. जुन्या शिव्यांना भिऊन गावचा विकास थांबवायचा का? ग्रामसेवकसाहेब, ठराव वाचा. बारवेच्या जागी गाळे. ज्यांची मंजुरी असंल त्यांनी हात वर करा."

ग्रामसेवकानं ठराव वाचला. बबनरावानं स्वतःचा हात वर केला. त्याचं बघून पंचवीस-तीस हात वर गेले. संपली बारव.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून जिजी उठली. जिजी म्हणजे बबनरावाची आई, माझी चुलत सासू, ऐंशीच्या वर गेलेली. काठी टेकत टेकत पुढं आली. दगडापाशी वाकली, लई वेळ बघितलं. मंग दगडाला टेकून खालीच बसली अन् डोक्यावरचा पदर नीट केला.

"बबन," जिजी म्हणाली, "गाढव दिसलं मला. ही बाई कोण रे?"

बबनराव ग्रामसेवकाकडं बघायला लागला.

"मी इचारून राह्यले, बाई कोण?"

"जिजी, तू घरी चल..."

"न्हाई येत. मी हितंच बसते. तू हात वर धर. सगळ्या गावाला दिसू दे."

मागचे हात एकेक करून खाली आले. बबनरावाचा हात वर होता, तो हळूहळू टोपीवर गेला, टोपी सारखी केली, अन् तिथून खिशात गेला.

"ग्रामसेवकसाहेब," बबनराव म्हणाला, "पुढचा विषय घ्या."